खरारा

राक्षसभुवनची लढाई आमच्याच जिल्ह्यातली, गोदाकाठची. १० ऑगस्ट १७६३ ला पेशव्यांनी तिथं निजामाच्या फौजेला हरवलं, दिवाण विठ्ठल सुंदर पडला, एवढं सांगतेत. ज्या घोड्यांच्या पाठीवर ही लढाई झाली, त्यांचं नाव कुणी काढत नाही.

बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदाराचा स्वतःचा. तो मेला की शिलेदाराचं पोटच गेलं. म्हणून मुक्कामाला आधी तंग सैल, खोगीर खाली, मग खरारा. घाम तसाच वाळला तर पाठ सोलते, दुसऱ्या दिवशी खोगीर घेत नाही. आणि हात फिरता फिरता कुठं सूज आहे, कुठं दुखतंय, ते बोटाला कळतं.

त्या पागांतलं भीमथडी घोडं पुढं धनगरांकडं उरलं. ठेंगणं, काटक, बिऱ्हाड वाहणारं. आता बिऱ्हाडंबी पिकअपमधून जाऊ लागलीत.

१९७२ च्या दुष्काळात आमची बैलजोडी चाऱ्यावाचून गेली. आबा कुणाशी बोलेनात. पुढच्या साली रानात मेंढ्या बसवायला धनगर आला. त्याच्या घोडीच्या मानेच्या बुडाला, आयाळ संपते तिथं, आबा खाजवत बसायचे. घोडी ओठ लांबवून त्यांचा खांदा चाचपायची. घोडी घोडीला खाजवते तसंच. तिथं खाजवलं की घोड्याच्या काळजाचे ठोके मंदावतात, हे पुढं अभ्यासकांनी मोजलं. आबांचे कुणी मोजले नाहीत. पण चौथ्या दिवशी ते धनगराला, वर घाटाकडं पाऊस कसाय, म्हणून विचारत होते.