आधी कुठे जायचे? संगमेश्वर तालुक्यातील सार्वजनिक आरोग्यसेवा

संगमेश्वर तालुक्याची कचेरी संगमेश्वरात नाही, देवरुखला आहे. बाहेरून आलेला माणूस इथे हमखास चकतो. दवाखान्याच्या बाबतीत तर गावचा माणूसही चकतो. शास्त्री आणि सोनवीच्या संगमावरचे संगमेश्वर मुंबई-गोवा महामार्गावर आहे, तर देवरुख आत, सह्याद्रीच्या अंगाला. ग्रामीण रुग्णालय दोन्हीकडे आहे. म्हणून ‘जवळचे रुग्णालय कोणते’ याचे उत्तर प्रत्येक वाडीला वेगळे येते, आणि ते दुखणे येण्याआधीच काढून ठेवायला हवे.

सरकारी आरोग्यसेवा पायऱ्यांनी बांधलेली आहे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालापासून हीच कल्पना चालत आली. डोंगराळ भागासाठी निकष असा: ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८०,००० ला एक ग्रामीण रुग्णालय. निकष माणसे मोजतो, पण मधला पऱ्या मोजत नाही. कोकणातले गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. पावसाळ्यात साकव पाण्याखाली गेला की दोन किलोमीटरवरचे उपकेंद्र दूर जाते, आणि काही वाड्यांतून आजारी माणसाला आजही डोलीत घालूनच रस्त्यापर्यंत आणावे लागते.

या पायऱ्यांचे धनी मात्र वेगवेगळे आहेत. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, तर ग्रामीण रुग्णालय थेट राज्याच्या आरोग्य विभागाकडे. सामान्य माणसाला याच्याशी काय करायचे, असे वाटेल. पण एका ठिकाणचा केसपेपर दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही. म्हणून वर पाठवताना डॉक्टरांची चिठ्ठी मागून घ्यावी, आणि त्या चिठ्ठीवर दिलेले औषध, इंजेक्शन व वेळ लिहिली आहे ना, हे तिथेच पाहावे.

पायरीनंतर रस्ता. साखरपा आंबा घाटाच्या पायथ्याशी, रत्नागिरी-कोल्हापूर मार्गावर आहे. तिथल्या माणसाला रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय सोयीचे, आणि घाट चढायची तयारी असेल तर कोल्हापूरचे सीपीआर. कडवईकडच्यांना मात्र चिपळूणजवळच्या कामथ्याचे उपजिल्हा रुग्णालय हाताशी. तालुक्याची हद्द आजाराला लागू नाही. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे.

मात्र प्रत्येक दुखण्याला वरची पायरी गाठायची नसते. सर्पदंश घ्या. रत्नागिरीच्या कातळावर फुरसे फार. फुरसे चावल्यावर रक्त गोठेनासे होते. हे ओळखायची चाचणी अगदी साधी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, २० मिनिटे न हलवता उभे ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष भिनले आहे. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. ती जिथे लवकर टोचली जाईल तेच त्या वेळचे योग्य रुग्णालय. आवळून दोरी बांधणे, जखम चिरणे, मांत्रिकाची वाट पाहणे, यात जातो तो वेळ परत मिळत नाही. आपल्या केंद्रात लस आहे का, हे मिरगाच्या आधी आशाताईंना विचारून ठेवावे. विंचवाचेही तसेच. डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावरचे आपले काम बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू केले, आणि प्राझोसीन या स्वस्त गोळीने मृत्यू टळतात हे जगाला दाखवले. खालच्या पायरीला कमी लेखणाऱ्यांनी हे उदाहरण आठवावे, असे मला मनापासून वाटते.

फोनचे दोन क्रमांक घरात ठळक लिहून ठेवावेत. १०८ ही तातडीची रुग्णवाहिका, महाराष्ट्रात २०१४ पासून. १०२ गरोदर बाई, बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी. बोलावताना गावाचे नाव पुरत नाही. वाडी, जवळचे देऊळ किंवा शाळा आणि गाडी कुठवर येते, हे सांगावे लागते.

खर्चाचे म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला शिधापत्रिका आणि ओळखपत्र लागते. गावी म्हातारी एकटी आणि शिधापत्रिका चाकरमानी मुलाच्या कपाटात मुंबईला, अशी घरे इथे पुष्कळ आहेत.

मुंबई हीही इथली एक पायरीच आहे. परळच्या केईएमचा रस्ता, १९२६ मध्ये ते सुरू झाल्यापासून, गिरणगावातल्या कोकणी माणसाला पाठ आहे. अवघड दुखण्याला तिथे जावे लागते, हे खरे. पण रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांसाठी म्हातारीला रात्रीच्या गाडीत बसवायचे कारण नाही. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. मुंबईहून परतलेल्या माणसाने डिस्चार्जचा कागद पेटीत न ठेवता उपकेंद्रातल्या सिस्टरना दाखवावा, म्हणजे पुढच्या महिन्याची तपासणी वाडीतच होते.