एक खिडकी व्यापारप्रणालीचा उदय : सिंगापूरचे 'ट्रेडनेट'

१९८५ च्या मंदीने सिंगापूरच्या व्यापाराधिष्ठित अर्थव्यवस्थेतील उणिवा उघड केल्या. तोपर्यंत व्यापाऱ्यांना परवान्यांसाठी निरनिराळ्या कार्यालयांत कागदपत्रे घेऊन फिरावे लागे. त्यात कित्येक दिवस जात. १ जानेवारी १९८९ रोजी 'ट्रेडनेट' सुरू झाले आणि एकाच संगणकीय अर्जावर काही मिनिटांत परवाना मिळू लागला. येथे संगणकापेक्षा नमुन्यांचे एकीकरण अधिक महत्त्वाचे ठरते. आपला स्वतंत्र कागद सोडण्यास कोणतेही सरकारी खाते सहसा राजी नसते. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शिफारस क्र. ३३ ने या संकल्पनेची व्याख्या केली. भारतात मात्र सीमाशुल्क विभागाची 'स्विफ्ट' प्रणाली येण्यास २०१६ साल उजाडले. त्यानंतर न्हावा शेवा येथील आयातदारांसाठीही अन्नसुरक्षा, औषध नियंत्रण, वनस्पती संगरोध आदी खात्यांच्या स्वतंत्र अर्जांऐवजी एकच एकात्मिक घोषणापत्र आले.