मालकी एकाची, राखण दुसऱ्याची

भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे स्वखर्चाने पाठवावी, असे बंधन १९५४च्या कायद्याने घातले. त्यानंतर पुण्यातल्या एखाद्या विस्मृत प्रकाशकाचे पुस्तकही मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत सापडण्याची शक्यता निर्माण झाली. ध्वनिमुद्रिकेला मात्र असे बंधन कधी लागू झाले नाही. व्हिएन्नात १८९९ मध्येच ध्वनिसंग्रहालय स्थापन झाले होते, तर १९०२ साली कोलकात्यात ज्या ग्रामोफोन व्यवसायाने भारतीय गायनाचे मुद्रण सुरू केले, त्याच्या लेखी तबकडी ही विक्रीची वस्तू होती. लाख आणि दगडाची भुकटी यांच्या मिश्रणाची, एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे वाजणारी ही ठिसूळ वस्तू खप थांबताच कंपनीच्या यादीतून वगळली जाई. लेखाधिकाराच्या कायद्याने कंपनीला साठ वर्षांचा हक्क दिला, पण त्या हक्काबरोबर मूळ मुद्रण सांभाळण्याचे कर्तव्य दिले नाही. सारी गोम येथेच आहे.

परिणामी बालगंधर्वांची किंवा अब्दुल करीम खाँ यांची जुनी मुद्रणे आज ऐकायला मिळतात याचे श्रेय बव्हंशी खासगी संग्राहकांकडे जाते. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी भंगाराच्या भावाने तबकड्या घ्यायच्या, मधल्या लेबलाजवळ कोरलेला क्रमांक, म्हणजे कोणत्या मूळ साच्यावरून ती निघाली याची खूण, टिपून ठेवायची आणि त्यावरून मुद्रणाचा काळ ठरवायचा, हे काम त्यांनी पदरमोड करून केले. त्याला संघटित रूप मिळाले ते १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’मुळे. मात्र संग्राहकाच्या पश्चात घरातली जागा अडवणाऱ्या त्या पेट्यांचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

मग हे काम सरकारचे, असे म्हणणे सोपे आहे, पण पुण्याचा अनुभव तेवढा सरळ नाही. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा अनेकांच्या स्वरांत प्रसारित झाले; घरोघरी पोचले ते मात्र पुढे कंपनीने काढलेले, एकट्या फडके यांच्या आवाजातले मुद्रण. सार्वजनिक संस्थेने निर्माण केलेले रूप मागे राहिले आणि बाजारात आलेले रूप स्मृतीत ठसले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात स्थापन होऊनही ८ जानेवारी २००३च्या आगीत जुन्या नायट्रेट फिती, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या आरंभीच्या चित्रपटफिती, जळाल्या आणि त्यांत ‘प्रभात’चाही ठेवा गेला. प्रती एकाच छपराखाली असतील, तर छप्पर सरकारी असल्याने फारसे काही साधत नाही.

या दृष्टीने हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी पुण्यातून उभारलेले जात्यावरच्या ओव्यांचे संकलन अधिक विचारपूर्वक झालेले दिसते. हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमवताना ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही नोंदवले गेले. निरक्षर गायिकेला रचनेचे श्रेय देणारी ही नोंद ध्वनीइतकीच मोलाची आहे. बर्नार बेल यांच्या सहभागातून झालेली ध्वनिमुद्रणे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या लोकसंगीत-अभिलेखागारात ठेवण्यात आली. हे अभिलेखागार १९८२ मध्ये पुण्यातच सुरू झाले आणि काही वर्षांनी दिल्लीकडे गेले, ही पुण्याची मोठीच हानी. पुढे ‘पारी’ या संस्थेने २०१७ पासून त्या ओव्या सर्वांना ऐकण्यासाठी खुल्या केल्या. येथे संकलन एकाने केले, मूळ फिती दुसऱ्याने सांभाळल्या, प्रसार तिसऱ्याने केला. तबकड्यांच्या बाबतीत अशी विभागणी आपोआप होण्याची शक्यता नाही, कारण तेथे मालक ठाऊक आहे आणि प्रत जमा करण्याचे बंधन त्याच्यावर आजही नाही.