गाथा, छायाचित्र आणि लोकजीवनाचा इतिहास
(जालना जिल्ह्याच्या संदर्भात)

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन होय. नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी १९७३ साली तेथे केलेल्या उत्खननामुळे सातवाहनकालीन नगरजीवनावर मोलाचा प्रकाश पडला. या भोगवर्धनच्या दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावरील लेखांतही आढळतात. दात्याचे नाव, त्याचे गाव आणि 'दानं' हा शब्द, एवढाच तो मजकूर. त्यावरून त्याचा चेहरा कळत नाही, त्याचे सुखदुःखही कळत नाही. तथापि त्या नोंदीच्या मुळाशी त्याची स्वतःची कृती आहे. पुढील दीर्घ काळात मात्र याच भूमीतील अस्पृश्य गणल्या गेलेल्या माणसांविषयी जे लिहिले गेले, ते बहुतांशी इतरांनी लिहिले.

विशेषतः इंग्रजी अमदानीत माणसांची नोंद करण्याचे एक शास्त्रच उभे राहिले. वॉटसन आणि के यांचा 'द पीपल ऑफ इंडिया' हा छायाचित्रांचा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला. जालना ज्या निजामी राज्यात होते, तेथील जातीजमातींवरील सय्यद सिराज उल हसन यांचा ग्रंथ १९२० साली निघाला. अशा ग्रंथांतील माहितीचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यांत माणूस हा जातीचा नमुना म्हणून येतो. त्याचे वर्णन असते, त्याची साक्ष नसते.

ही दृष्टी पालटण्याचे कार्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनाकडे मात्र संशोधनपद्धतीच्या दृष्टीने पुरेसे लक्ष गेलेले नाही. अस्पृश्यता म्हणजे काय, हे परकीयांना समजावे म्हणून सर्वसाधारण वर्णन न करता प्रत्यक्ष प्रसंग सांगण्याचा मार्ग त्यांनी निवडला. आणि त्यांतील काही प्रसंग स्वतःचे, तर काही इतरांचे आहेत, हेही स्पष्ट केले. १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग त्यातच येतो. प्रवासातील धुळीने माखलेले हातपाय किल्ल्याजवळच्या हौदावर धुतले, एवढ्याच कारणावरून बाबासाहेबांना व त्यांच्या सहकाऱ्यांना अपमान सोसावा लागला. जालनाही त्या वेळी त्याच औरंगाबाद जिल्ह्यात होते. शिरगणतीच्या कोष्टकांत जे मावत नाही, ते या कथनात सामावले आहे. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने प्रकाशित केले.

अमेरिकेतील झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेचे उदाहरण येथे लक्षात घेण्याजोगे आहे. मानववंशशास्त्राचे रीतसर शिक्षण घेऊन ती आपल्याच लोकांत परतली. त्यांच्या कथा तिने टिपल्या, चलच्चित्रणही केले, आणि १९३५ साली 'म्यूल्स अँड मेन' हा ग्रंथ कथनाच्या शैलीत लिहिला. जो समाज आजवर केवळ पाहिला जात होता, तोच येथे पाहणारा झाला.

परंतु ललित लेखन आणि छायाचित्र यांना इतिहासाचे साधन मानावयाचे, तर एक अडचण उभी राहते. लेखक कल्पनेची भर घालू शकतो, आणि छायाचित्रकार चौकटीबाहेर काय ठेवावयाचे ते ठरवितो. मग सत्याची कसोटी कोणती? आमच्या मते पालि परंपरेने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. थेरीगाथेतील गाथा थेरींच्या मुखातील म्हणून जतन झाल्या. त्यांच्या जीवनकथा आचार्य धम्मपालांच्या अट्ठकथेत आल्या. अट्ठकथेने गाथेला संदर्भ दिला, परंतु गाथेची जागा घेतली नाही. मूळ शब्द कोणता आणि त्यावरील विवरण कोणते, हे वाचकास आजही वेगळे ओळखता येते.

महाराष्ट्रात हे तत्त्व प्रत्यक्षात आलेले दिसते ते जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जालना जिल्ह्याच्या दक्षिणेस गोदावरीपलीकडे असलेल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांच्या भीमाच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण १९९६ साली झाले. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने या संग्रहातील ओव्या प्रसिद्ध करावयास आरंभ केला. ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, व्यवसाय, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि छायाचित्र येते. अभ्यासकाचे विवेचन त्याहून वेगळे राहते. गाथा आणि अट्ठकथा येथे पुन्हा शेजारी बसल्या आहेत.

जालना जिल्ह्यातही हे कार्य निकडीचे आहे. अंबड, परतूर, भोकरदन, जाफराबाद या तालुक्यांतील एखाद्या घरात धम्मदीक्षेनंतरच्या काळातील एखादे पिवळट छायाचित्र भिंतीवर असेल, तर त्याची केवळ प्रत काढून भागणार नाही. ते कोणी काढविले, कोणत्या प्रसंगी काढविले, चित्रात नसलेले कोण त्या वेळी शेजारी उभे होते, हे घरातील वृद्धेला विचारावे आणि तिचे उत्तर तिच्याच बोलीत उतरवून घ्यावे. त्यावरून कथा लिहावयाची तर अवश्य लिहावी. परंतु तिचे बोल कोठे संपतात आणि आपली कल्पना कोठे सुरू होते, हे प्रामाणिकपणे नमूद करावे. छायाचित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी तिची अनुमती घ्यावी. अन्यथा ती पुन्हा एकदा नमुनाच ठरेल.

ज्यांनी १९५६ चे धम्मचक्रप्रवर्तन जाणत्या वयात पाहिले, त्या पिढीतील फार थोडी माणसे आता उरली आहेत. भोगवर्धनच्या दात्याचे नाव दगडावर होते म्हणून दोन हजार वर्षे टिकले. या माणसांची साक्ष केवळ स्मृतीत आहे, आणि स्मृतीला दगडाचे आयुष्य नसते. विहाराविहारांतील तरुण उपासक-उपासिकांनी वही आणि कॅमेरा घेऊन आधी आपल्याच घरातील वृद्धांसमोर बसावे, एवढीच आमची विनंती आहे.