‘ऑल्ड लँग साइन’ : एका गीताची जन्मकथा

३१ डिसेंबरच्या मध्यरात्री बाराचे ठोके पडले की स्कॉटलंडमधील माणसे वर्तुळ करून उभी राहतात आणि एक जुने गीत म्हणू लागतात. ‘ऑल्ड लँग साइन’ हे त्याचे नाव. शब्द स्कॉट बोलीतील. त्यांचा अर्थ विचारला तर इंग्रजी जाणणाऱ्यांचीही पंचाईत व्हावी. ‘फार पूर्वीचे ते जुने दिवस’ एवढाच त्यांचा आशय.

गीत रॉबर्ट बर्न्स या कवीच्या नावावर आहे. त्याने मात्र ते आपले म्हणून मिरविले नाही. १७५९ साली ॲलोवे येथे एका गरीब शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. १७८८ च्या डिसेंबरात त्याने मिसेस डनलॉप या स्नेही बाईंना हे गीत पत्रातून पाठविले. पुढे १७९३ मध्ये जॉर्ज टॉमसन या संग्राहकाला मात्र, एका वृद्धाच्या तोंडून ते उतरून घेतले, असे त्याने कळविले. हे सर्वस्वी खोटे नव्हे. याच शब्दांवर रचलेले एक गीत जेम्स वॉटसनने १७११ मध्येच छापले होते, आणि त्यानंतर ॲलन रॅमसेनेही एक रचले होते. पण त्या दोहोंत आळवणी आहे ती प्रीतीची. डोंगरउतारावर फुले वेचणारे, ओढ्याच्या पाण्यात दुपारपर्यंत खेळणारे दोन सवंगडी, पुढे त्यांच्यामध्ये पसरलेला समुद्र आणि अखेर पुन्हा हाती आलेला हात, हे सारे तेथे नाही. ही कडवी बर्न्सचीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. समुद्राची कल्पनाही त्याला दुरून सुचलेली नव्हती. १७८६ मध्ये तो स्वतःच दारिद्र्याला कंटाळून जमेकाला निघण्याच्या बेतात होता. पहिल्या काव्यसंग्रहाला यश लाभले म्हणून राहिला.

आपल्या भाषेतील गाणी नष्ट होऊ नयेत म्हणून त्याने शेकडो गीते जमविली, सावरली, काही नव्याने रचली, आणि त्याबद्दल मोबदला घेण्याचे नाकारले. मृत्युशय्येवर, १७९६ च्या जुलैत, कर्जाच्या धाकाने त्याला त्याच टॉमसनकडे पाच पौंड मागावे लागले. जेम्स जॉन्सनच्या संग्रहात हे गीत प्रसिद्ध झाले, तेव्हा कवी हयात नव्हता. तेथे त्याची चाल निराळी होती. आज जगाला ठाऊक असलेली चाल टॉमसनने १७९९ मध्ये जोडली.

नाताळाऐवजी वर्षअखेरीशी त्याची गाठ पडली, यालाही कारण आहे. स्कॉटलंडच्या सुधारक धर्मपीठाला नाताळाचा उत्सव अमान्य होता. तेथे त्या दिवसाची सार्वजनिक सुटी १९५८ साली मिळाली. साहजिकच आनंदाचा सारा भर वर्षाच्या शेवटच्या रात्रीवर, ज्याला तिकडे ‘हॉगमने’ म्हणतात, त्यावर आला.

पुढे चालीने शब्दांना मागे टाकले. जपानात १८८१ पासून ती शाळेच्या निरोपसमारंभाची झाली. रवींद्रनाथांनी तिच्यावर बंगालीत गीत बांधले. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिक्षण संपविणारे छात्र दीक्षान्त संचलनाच्या शेवटी ‘अंतिम पग’ ओलांडतात, तेही याच चालीच्या संथ सुरांवर.