लालबाग : नवसाची कथा, गिरणीची कथा

एखाद्या वस्तीकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो, हे पुष्कळदा तिच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या कथांवरून ठरते. मध्य मुंबईतील लालबाग हे त्याचे ठळक उदाहरण. येथे दोन कथा शेजारी नांदतात : एक नवसाची, दुसरी गिरणीची.

बाजाराचा नवस

‘लालबागचा राजा’ मंडळाची स्थापना १९३४ची. मंडळाकडून सांगितल्या जाणाऱ्या इतिहासानुसार, पेरू चाळीतील बाजार १९३२ मध्ये बंद झाला आणि कोळी व अन्य विक्रेते उघड्यावर आले. बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणपतीला नवस केला. स्थानिकांच्या प्रयत्नांतून जागा मिळाली आणि १२ सप्टेंबर १९३४ रोजी मूर्तीची प्रतिष्ठापना झाली.

मूळ मागणी सामूहिक होती, पोटापाण्याची होती. मात्र लोकांच्या तोंडी ‘नवसाला पावणारा’ एवढेच उरले. जागेसाठी झालेली खटपट मागे पडली. आज नवसाच्या रांगेतील भाविक स्वतःचे, स्वतःच्या घरचे मागणे घेऊन उभा असतो.

शाहिरांचा नायक

गिरणीची कथा शाहिरांनी घडविली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये ‘लाल बावटा कलापथक’ उभारले. कोकणातून आणि देशावरून आलेला, चाळीत दाटीवाटीने राहणारा कामगार नायक म्हणून रंगमंचावर आला. अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत गावी राहिलेल्या पत्नीचा विरह महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाच्या व्यथेशी जोडला गेला. घरातले दुःख अशा रीतीने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा आवाज बनले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या बंद होत गेल्या आणि कथाही बदलली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकात आणि त्यावर आधारित ‘लालबाग परळ’ (२०१०) या चित्रपटात दिसते ते संपानंतर उद्ध्वस्त झालेले कुटुंब. बेकारी आणि गुन्हेगारीच्या वाटेला लागलेली तरुण पिढी. ही वेदना खरी असली, तरी एकेकाळी हक्क मागणारा कामगार प्रेक्षकांच्या मनात केवळ दयेचा विषय होण्याचा धोका त्यात आहे.

स्मृतीचे मोल

हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. गिरणी कामगारांसाठीच्या घरांना पात्र ठरायचे, तर १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असल्याचा पुरावा द्यावा लागतो. दीड लाखांहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. त्या तुलनेत मिळालेली घरे फारच थोडी. नवसाची कथा दरवर्षी भाद्रपदात नव्याने सांगितली जाते. गिरणीच्या कथेला मात्र असा ठरलेला सण नाही. ती विस्मरणात गेली, तर टॉवरच्या जागी पूर्वी काय होते आणि त्या जमिनीवर कोणाच्या घामाचा हक्क आहे, हे विचारणारेही उरणार नाहीत.