शेजारच्या धंद्यातली युक्ती

कबनूरला आमच्या घरासमोर मागांचं शेड होतं. मी बी.ए.ला असताना एका मागाची धोट्याची पेटी सैल पडली. मिस्त्री चाचांनी सायकलच्या स्टँडची स्प्रिंग लावून तो चालू केला. मी म्हणालो, ‘चाचा, हा तर तुमचा शोधच झाला.’ ते हसले. ‘शोध कसला, पोरा? सायकलवाल्याकडं बघितलं, हितं लावलं.’

पेटंटच्या कायद्यातला एक अवघड प्रश्न या उत्तरात आहे. पेटंट मिळायला वस्तू नुसती नवी असून भागत नाही. त्या धंद्यातल्या जाणत्या कारागिराला ती सहज सुचण्यासारखी नसावी लागते. पण या कारागिराला काय काय माहीत होतं असं धरायचं? फक्त आपल्या धंद्यातलं, की शेजारच्या धंद्यातलंही?

हळदीचं प्रकरण त्या मानानं सरळ होतं. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या ‘सीएसआयआर’नं जुने लेखी पुरावे पुढं ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. हळद तीच, जखमही तीच. शेजारी जावं लागलं नाही.

मिर्झापूरच्या भांड्यांचं तसं नव्हतं. लेथवर घासायचं भांडं पूर्वी चिकट पदार्थानं चिकटवत. ते उडून कामगारांना लागायचं. एका कारखान्यानं भांडं समोरून दाबून धरायची सोय केली आणि तिचं पेटंट घेतलं. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की ही कित्येक दशकांची जुनी युक्ती आहे. थोड्या फरकानं ती भांड्यांना लावणं ही कारखान्यातली सुधारणा आहे, शोध नव्हे.

अमेरिकेत १९६६ साली असाच वाद कीटकनाशकाच्या फवाऱ्याच्या झाकणावरून झाला. ओतण्याच्या डब्यांच्या झाकणांशी आमचा संबंध नाही, असं पेटंटवाल्याचं म्हणणं होतं. न्यायालय म्हणालं, अडचण कीटकनाशकाची नव्हती, झाकण घट्ट बसण्याची होती. म्हणजे धंद्याचं नाव वेगळं असलं, तरी अडचण एक असेल तर तो शेजारच.

हा शेजार फार लांबवर नेला, तर कोणताही खरा शोध मागाहून सोपा वाटू लागतो आणि शोधकाचे कष्ट वाया जातात. फार आखूड केला, तर उसन्या स्प्रिंगवर कुणीतरी हक्क सांगतो आणि साऱ्या पेठेचे हात बांधले जातात.

चाचा आता नाहीत. त्यांची युक्ती कुठं लिहिलेली नाही. मागावर उघडपणे चाललेली युक्तीसुद्धा पुरावा ठरू शकते; पण ती दाखवता आली पाहिजे. म्हणून आमच्या मिस्त्र्यांना मी सांगत असतो: काम झालं की तारीख घालून फोटो काढून ठेवा, चार लोकांना दाखवा. उद्या कुणी विचारलं, तर सांगायला तोंड राहील.